पाठमोऱ्या माणसाचं चित्र

भाद्रपद वद्य तृतीया. बऱ्याच दिवसांनी आज कडक ऊन पडलं, म्हणून गच्चीवर चटई टाकून कॅनव्हास बाहेर काढले आणि बुरशी पुसायला बसले. महाडच्या पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्यापासून देवघरातल्या पाटापर्यंत सगळ्यावर बुरशी धरते. चित्रांना वेगळी सवलत नाही. फडकं कोरडं आणि मऊ हवं. आधी मागची बाजू पुसायची, मग पुढची. ओलं फडकं लावलं की बुरशी आत शिरते आणि पुढच्या वर्षी दुप्पट होऊन भेटते.

निम्मं काम झालं असेल तेवढ्यात सुरेशचा फोन आला. सुरेश नाते गावाच्या बाजूच्या एका वाडीतला. एमआयडीसीत केमिकल कंपनीत पाळीने कामाला जातो. त्याची आई भागीरथीबाई मागच्या वर्षी श्रावणात गेली. यंदा वर्षश्राद्ध झालं, आता या पक्षात तिच्या नावाचं पहिलं पान वाढायचं आहे.

"मॅडम, आईचा फोटू काढून पायजे," तो म्हणाला. मी रंगवते त्या चित्राला इकडे सगळे फोटोच म्हणतात. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं आहे.

"मोबाइलवरचा एखादा पाठव. समोरून घेतलेला, उजेडातला."

"फोटू मोप हायत. पन त्यातला नको." मागे मशीनची घरघर चालू होती, तो जरा बाजूला गेला असावा. "दादांच्या शेजारी लावायचाय ना. दादा तिकडं तोंड करून आन आई इकडं तोंड करून. बरा नाय दिसत."

"मग कसा हवा?"

"त्येच तर मला कळत नाय. तुमी सांगा."

संध्याकाळी बोलू म्हणून फोन ठेवला. मग बराच वेळ एकाच कॅनव्हासचा एकच कोपरा पुसत बसले. दादा म्हणजे सुरेशचे वडील, त्यांचं ते चित्र मी काढलेलं आहे. चित्रं काढून मला पैसे मिळायला सुरुवात झाली तीही त्याच हंगामात. पुराच्या वर्षीचा पितृपक्ष.

महाडला पूर नवा नाही. सावित्री पावसाळ्यात एकदा तरी बाजारपेठेत डोकावून जाते. जुन्या घरांत भिंतीवर कुणी तरी कधी तरी ओढलेली एक रेघ असते आणि घरातलं शेंबडं पोरही सांगतं, पाणी इथवर येतं. पाणी चढायला लागलं की हात आपोआप चालतात. तांदूळ माळ्यावर, गाद्या कपाटावर, कागदपत्रं पिशवीत, पिशवी खुंटीला. त्या वर्षीही सगळ्यांनी सगळं उचललं. भिंतीवरचे गेलेले लोक तेवढे कुणी उचलले नाहीत, कारण ते आधीच सगळ्यांत उंचावर होते. दाराच्या चौकटीच्याही वर, हारासकट. तिथवर पाणी आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्या फोटोंतल्या माणसांनीही नाही.

त्या वर्षी आलं.

पाणी उतरल्यावर चिखल राहिला. दुर्गंधी होती, आणि रस्त्यावर प्रत्येक घरापुढे एकेक ढीग. आमच्या ढिगात आमचं वह्या-पुस्तकांचं अख्खं दुकान होतं. कोऱ्या वह्या फुगून फुटल्या होत्या, पेन्सिली तेवढ्या चांगल्या राहिल्या. माझी जलरंगातली चित्रं दिवाणाखालच्या पेटीत असायची. वीसेक वर्षांत काढलेले सगळे डोंगर, आंबेनळीच्या वळणांवरून दिसणारे, पोलादपूरच्या मागचे, रायगडाच्या वाटेवरचे. पेटी उघडली तर आत एकच मऊ, करडा गोळा. मी तो घमेल्यात घेतला आणि ढिगावर टाकला. रडायला वेळ नव्हता हे खरं आहे. पण त्याहून खरं हे की त्या डोंगरांना कधी कुणी पैसे दिले नव्हते. लग्नामुंजीत फ्रेम करून दिले होते, लोकांनी ते कौतुकाने घेतले होते आणि आतल्या खोलीत लावले होते. "डोंगर काय, खिडकीतनं दिसतोच की," असं माझ्या सख्ख्या मामेभावाने तोंडावर सांगितलं होतं. चूक नव्हतं त्याचं. मी शाळेत तासांवर चित्रकला शिकवायची आणि उरलेल्या वेळात डोंगर काढायची. याला कुणी कमाई म्हणत नाही.

तेव्हा लोकांचं एक फार वाईट झालं. चिखलातून फोटो सापडला की ते काय करत, आधी धूत. साहजिक आहे. आपल्या माणसाच्या तोंडावर चिखल बघवत नाही. पण भिजलेल्या फोटोवरचा थर लोण्यासारखा मऊ झालेला असतो. बोट फिरवलं की चिखलाबरोबर चेहराही निघून येतो. आमच्या आळीत एका बाईने स्वतःच्या हाताने सासऱ्यांचं अर्धं तोंड पुसलं आणि फडक्याकडे बघत उभी राहिली. मला एवढं माहीत होतं की काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, काचेसकट ओला ठेवायचा आणि काचेतूनच त्याचं चित्र उतरवून घ्यायचं. मी ते सांगत घरोघर फिरले. सांगितलं की लोक म्हणायचे, "बाई, मग तुम्हीच काढून द्या ना."

पहिली काही मी तशीच दिली. शेजारधर्म. मग फ्रेमवाल्या काशिनाथरावांनी मला दुकानात बोलावलं. त्यांचं दुकानही धुऊन निघालं होतं, पण लाकूड आणि काच मागवून ते पुन्हा उभे राहिले होते.

"ताई, एक विचारू? राग मानू नका," ते म्हणाले. "लोक मला काचेचे देतात, लाकडाचे देतात, मागच्या पुठ्ठ्याचे देतात. आत्ता एकाने खिळ्याचे पण दिले. आत जो माणूस बसलाय त्याचे कोण देतं?"

"कुणी नाही."

"मग खिळ्यापेक्षा स्वस्त झाला की हो माणूस."

मी घरी येऊन यांना सांगितलं. हे दुकानाच्या फळ्या घासत होते. मान वर न करता म्हणाले, "दर ठरव आणि पहिल्याच भेटीत सांग. काम झाल्यावर सांगितलं की भांडण होतं." दुकानदाराचा सल्ला तो. चित्रकलेच्या डिप्लोमात हे कुणी शिकवलं नव्हतं. मी शिंप्यासारखे दर ठरवले. नुसता चेहरा एक दर, खांद्यापर्यंत दुसरा, जोडप्याचा तिसरा. पहिल्यांदा दर सांगताना माझा आवाज चिरकला. दुसऱ्यांदा नाही.

पितृपक्षात बाजार झोपलेला असतो. कुणी सोनं घेत नाही, कापड घेत नाही, घराचा सौदा करत नाही. माझं काम त्याच पंधरवड्यात सुरू झालं, कारण प्रत्येकाला आपापल्या तिथीच्या आत आपापला माणूस भिंतीवर हवा होता. समोरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "अगं, पक्षात बोहनी कोण करतं? आणि तीही मेलेल्या माणसांवर?" मी म्हटलं, "भटजी करतात, हारवाला करतो, भोपळेवालीसुद्धा करते. मी एकटीने काय पाप केलंय?" त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नणंदेला घेऊन आल्या, फोटोसकट.

मी तैलरंगात काम करत होते, कारण जलरंगांचं काय होतं ते पाहिलं होतं. गिऱ्हाईकही तेच विचारायचं. चेहरा हुबेहूब येईल का, हे कमी जण विचारत. "पुन्हा पाणी आलं तर पुसला जाणार नाही ना?" हे सगळे विचारत. नाही जाणार, असं मी सांगायची. घर टर्पेंटाइनच्या वासाने भरलेलं असायचं, त्याखाली चिखलाचा वास, आणि दुपारी आळीतून अळूच्या भाजीचा आणि वड्यांचा. कौलांवर कावळे सुस्त बसलेले. त्यांना त्या दिवसांत सगळीकडूनच आमंत्रण असतं.

त्याच दिवसांत सुरेश आईला घेऊन आला. मोटरसायकलवरून, कंपनीची पाळी संपवून, डोळे तांबारलेले. नदीजवळच्या आळीतली त्यांची भाड्याची खोली पुरात गेली होती आणि ते वाडीवरच्या घरी परतले होते. खोलीतला वडिलांचा फोटो गेला होता. दुसरा नव्हता. ज्या मतदान ओळखपत्रावरून तो मोठा केला होता ते ट्रंकेत लगदा झालेलं. सुरेश लहान असताना वडील गेले, त्यामुळे त्याला आठवत होता तो फोटोच.

"म्हाळाच्या आधी पायजे मॅडम. नायतर पान वाढायचा कुनासमोर?"

"कसा होता फोटो?"

"कोट घातलेला. इस्टुडिओवाल्यानं घातला व्हता."

तेव्हा भागीरथीबाई पहिल्यांदा बोलल्या. लहानखुऱ्या, काळ्या, हाताच्या शिरा दोरीसारख्या. "त्यो कोटवाला गेला त्ये बरा झाला. जल्मात कोट नाय घातला त्यानी. इतकी वर्सा मी त्या कोटवाल्याम्होरं पान वाढत व्हते. कोन व्हता कोन जाने."

"आये, गप," सुरेश म्हणाला.

मी कागद घेतला आणि त्यांना समोर बसवलं. पोलिसांत संशयिताचं चित्र काढतात तसं विचारत गेले. नाक कसं होतं?

"नाक व्हता ना."

"लांब की बसकं?"

"सगल्यांचा असतो तसा."

"डोळे?"

"दोन." मग त्यांना स्वतःलाच हसू आलं. "बाई, मी काय त्याच्या तोंडाकडं बघत बसले व्हते का? कामं कोनी केली असती?"

मी सुरेशच्या जबड्यावरून एक चेहरा काढला. त्यांनी पाहिला, मान हलवली. "ह्यो सुरेश." त्यांच्या दिराला बोलावून त्यांच्यावरून दुसरा काढला. "ह्यो भावजी." मिशी जाड केली, बारीक केली, गाल आत घेतले. "नाय गो बाय. ह्यो बी नाय." तिथी जवळ येत होती. सुरेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, कायतरी काढा आन कोट घाला. तिला काय कळतंय?"

तसं करता आलं असतं. इतर लोक वाट बघत होते आणि भागीरथीबाईंवर माझे दोन दिवस कागदासकट वाया गेले होते. त्या दिवशी ते दोघं निघाले तेव्हा मी गॅलरीत कपडे काढायला गेले. मोटरसायकल आळीच्या तोंडाशी लावली होती. सुरेश पुढे चालला होता आणि भागीरथीबाई त्याच्या मागे. रस्ता मोकळा होता, शेजारी चालायला जागा होती. पण त्या बरोबर अंतर ठेवून, त्याच्या पाठीवर नजर लावून चालल्या होत्या. सवयीने. मी वरून हाक मारली, "मावशी, उद्या एकट्याच या."

दुसऱ्या दिवशी त्या एसटीने आल्या. मी विचारलं, "ते चालायचे कसे?"

मग त्या थांबेचनात. डावा खांदा खाली, नांगर त्याच खांद्यावर नेऊन नेऊन पडलेला. मानेवर मागे एक आडवी घडी. उजव्या कानामागे पांढरा डाग, तांदळाएवढा. डोक्याला टापशी, तिचं टोक कधी नीट खोचलेलं नसायचं. कमरेला मागे कोयता अडकवायची आकडी, ती त्यांनी स्वतः खैराच्या लाकडाची केली होती. बांधावरून जाताना उजवा पाय आधी चाचपून टाकायची खोड. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून त्या या पाठीमागून चालल्या होत्या. शेतावर, नात्याच्या बाजाराला, माहेरी, दवाखान्यात.

"मागे वळून बघायचे का?"

"वलायचा नाय." जरा थांबून त्या म्हणाल्या, "पन माज्या पायांचा आवाज मागं ऱ्हायला का हलू व्हायचा."

मी त्या रात्रीच कॅनव्हास ताणून ठेवला. आमच्या इकडच्या बायकांची पिढ्यान् पिढ्या ही चूकच म्हणायची की काय, मला ठरवता येत नाही. त्या नवऱ्याच्या मागून चालल्या, आणि फोटो मात्र समोरून घेतला जातो. माझ्या आईलाही मी वडिलांच्या शेजारून चालताना पाहिल्याचं आठवत नाही. मी स्वतः शेजारून चालते. पण यांच्या मानेवर मागे काय आहे ते मला सांगता येणार नाही.

चित्र काढणं अवघड गेलं नाही. बांध मला येत होता, मागचा डोंगर येत होता, भाद्रपदातलं पोटरीला आलेलं भात येत होतं. तेच तर मी इतकी वर्षं काढत होते. त्यात माणूस नव्हता एवढंच. भागीरथीबाई येऊन बघायच्या आणि दुरुस्त्या सांगायच्या. आकडी जरा डावीकडे. टापशी मळकी कर, इतकी धुतलेली कधी नसायची. कान मोठा झाला. शेवटच्या दिवशी त्यांनी काहीच सांगितलं नाही. स्टुलावरून उठल्या, चित्रापासून मागे सरकत सरकत दाराशी गेल्या आणि त्या अंतरावर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ह्योच."

सुरेश घ्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"ह्ये काय मॅडम? पाठीला हार घालायचा? भटजी काय बोलंल? लोकं हसतील."

"लोकांचा बाप हाय का?" भागीरथीबाई म्हणाल्या. "माजा मानूस हाय. मी वलखते."

"आये, म्हाळाला पितर घरात येतात. ह्यो तर चाललाय."

"चालला असला तर असू दे. मी हाय ना मागं."

त्याने खिशातून पाकीट काढलं, मग थांबून मला म्हणाला, "मॅडम, चेहरा नाय म्हंजे रंग कमी लागला असंल ना?"

"पाठ चेहऱ्यापेक्षा मोठी असते," मी म्हटलं. "जास्त लागला."

त्याने ठरलेले पैसे दिले. चित्र जुन्या साडीत गुंडाळून आईच्या मांडीवर आडवं धरवलं आणि मोटरसायकल सुरू केली. ते वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते. माझा डोंगर पहिल्यांदा विकला गेला होता. त्याआधीच्या चेहऱ्यांचे पैसे मिळाले होते, त्यावर आम्ही त्या महिन्याचा किराणा भरला होता, आणि त्या कामाची मला मुळीच लाज नाही. पण ते पैसे हाताचे होते. हे पैसे मी काय बघते त्याचे होते. फरक कळेपर्यंत माझं वय झालं, हरकत नाही.

त्यानंतरचं साधं आहे. पोलादपूरला महाबळेश्वरच्या रस्त्याला लागण्याआधी एक हॉटेलवाले आहेत, त्यांनी माझी चित्रं भिंतीवर लावू दिली. येणारे-जाणारे चहा पिताना बघतात, काही घेतात. कधी पावसाळाभर एकही जात नाही, मग नाताळात चार जातात. शाळेचे तास मी अजून सोडलेले नाहीत. शाळेतल्या मुली विचारतात, बाई, चित्रं काढून पोट भरतं का? मी सांगते, अर्धं भरतं, बाकीच्या अर्ध्याची सोय करून ठेवा. आणि दर पहिल्याच भेटीत सांगा.

भागीरथीबाईंच्या घरी मी नंतर एकदाच गेले होते. चित्र ओटीवर न लावता माजघरात, आत जाणाऱ्या दाराच्या बाजूला होतं. तिथून स्वयंपाकघरात जाताना त्यांना ते रोज दिसत असणार, पुढे चाललेलं. म्हाळाला भटजींनी काय म्हटलं ते मी विचारलं नाही. हार होता. सुकलेला, पण होता.

ऊन उतरलं तसे कॅनव्हास आत घेतले. संध्याकाळी सुरेशला फोन लावला.

"आईच्या मागून कोण चालायचं रे?" मी विचारलं.

"म्हंजे?"

"तुझे दादा पुढे, त्यांच्या मागे आई. आणि आईच्या मागे?"

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, तो ओटीवर गेला असावा.

"मीच की," तो म्हणाला. "दादा गेल्यावर पन. ती भारा घेऊन म्होरं, आन मी मागं. शालेत जायपरेंत."

"मग तुला माहीत असेल."

"मला सांगता नाय येनार मॅडम. मला बोलता येत नाय तसा तिच्यावानी."

"सांगू नकोस. उद्या कुठली पाळी आहे?"

"दुपारची."

"सकाळी येते. आणि दर आता वाढलाय, आधीच सांगून ठेवते."

"चालंल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी काढली, डब्यात पोळी-भाजी आणि पिशवीत कागद-पेन्सिल घेतली आणि नात्याच्या रस्त्याला लागले. वाडीच्या खाली त्यांचं शेत आहे. भात लोंबीला आलेलं, बांधावर दव. सुरेश कंपनीच्या पँटमध्ये, पायात चप्पल न घालता येऊन उभा होता.

"आई कशी चालायची ते चालून दाखव," मी म्हटलं.

त्याने आजूबाजूला बघितलं. "कोन बघंल तर?"

"बघू दे."

तो बांधावर चढला. एक हात वर नेऊन डोक्यावरचा भारा धरला, दुसऱ्या हाताने नसलेल्या लुगड्याचा काठ वर घेतला आणि बारीक, घाईची पावलं टाकत चालायला लागला. टाचा बाहेर पडत होत्या. कंबर डावीकडे कलली होती. दिसतो दांडगा माणूस, पण मागून बघताना मला तो लहानखुरा दिसायला लागला. मी भराभर काढत गेले. पाय, कंबर, कोपर. बांध संपला तिथे तो थांबला आणि वळायला लागला.

"वळू नकोस," मी म्हटलं.

तो तसाच उभा राहिला, हात डोक्याशी. खांदे हलत होते. ते स्थिर होईपर्यंत मी पेन्सिलीला टोक केलं आणि मग खांदे काढले.